सतरा चिठ्ठ्या, बारा हजार सोडती

‘धंदा रक्तात असावा लागतो, तो शिकून येत नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या खात्रीने उच्चारले जाते की ते खरे की खोटे हे तपासून पाहता येईल, असे कोणाच्या मनातही येत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गातही बराच काळ जवळपास असेच गृहीत धरले जात होते. विकसनशील देशांतील कारखाने मागे का, याचे उत्तर भांडवल, वीज, रस्ते आणि यंत्रे यांतच शोधले जाई. कारखाना चालवण्याच्या पद्धतीचा वेगळा विचार करण्याचे कारण नव्हते, कारण जो वाईट चालवील तो स्पर्धेत बुडेल आणि उरतील ते बरे चालवणारेच, अशी समजूत होती. प्रत्यक्ष मोजणीने मात्र या समजुतीला धक्का दिला. एकाच उद्योगातले कारखाने उत्पादकतेच्या क्रमाने रांगेत उभे केले, तर अमेरिकेत नव्वदाव्या शतमकावरचा (म्हणजे शंभरांतले नव्वद ज्याच्या मागे आहेत असा) कारखाना दहाव्या शतमकावरच्या (ज्याच्या मागे दहाच आहेत अशा) कारखान्यापेक्षा तेवढ्याच साधनांतून सुमारे दुप्पट माल काढतो. भारत आणि चीनमध्ये हे प्रमाण पाचपटीहून अधिक निघाले. म्हणजे मागे पडलेले कारखाने आपल्याकडे बुडत नाहीत, ते वर्षानुवर्षे चालूच राहतात.

हे अंतर पद्धतीमुळे पडते का, याचा प्रयोग मुंबईच्या जवळच झाला. २००८ मध्ये निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या संशोधकांनी तारापूर (तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातले) आणि गुजरातच्या हद्दीतले उंबरगाव येथील कापड विणणाऱ्या १७ कंपन्या निवडल्या. या कंपन्यांचे मिळून २८ कारखाने होते. हे छोटे उद्योग नव्हते, सरासरी प्रत्येक कंपनीत सुमारे २७० माणसे कामाला होती. चालवणारे मात्र सर्वत्र मालकाचे कुटुंब होते. एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीच्या मुंबई कार्यालयातील तज्ज्ञांनी ११ कंपन्यांत एक महिना पाहणी केली आणि नंतर चार महिने नव्या पद्धती बसवून देण्याचे काम केले. उरलेल्या ६ कंपन्यांत फक्त पाहणी झाली. कोणती कंपनी कोणत्या गटात जाणार, हे सोडतीने ठरले.

बसवून दिलेल्या पद्धतींची यादी ३८ कलमांची होती आणि तिच्यात कोणालाही दिपवून टाकील असे काही नव्हते. यंत्रांची ठरलेल्या वेळी देखभाल करावी, सुताच्या साठ्याची नोंद ठेवावी, हत्यारे जागेवर असावीत, कामगारांना कामगिरीप्रमाणे बक्षीस द्यावे, अशी ही कलमे होती आणि प्रारंभी त्यांपैकी जेमतेम पाव भाग पाळली जात होती. कापडातल्या दोषांचेच उदाहरण घेऊ. धागा तुटणे, तेलाचा डाग पडणे, विणीत अंतर राहणे हे दोष तपासनीस हेरत, आणि मग ते हाताने दुरुस्त करण्यासाठी मेंडिंगच्या खात्यात एकूण मनुष्यबळाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा गुंतलेला असे. दोष सापडत होता, दुरुस्तही होत होता, परंतु तो कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत आणि कोणत्या प्रकारच्या सुतातून आला हे कोणी मांडून पाहत नव्हते. त्यामुळे तोच माग दुसऱ्या दिवशी तोच दोष पुन्हा विणत असे. नव्या पद्धतीत दोषांची प्रकारवार नोंद होऊ लागली आणि विणकाम, देखभाल व तपासणी या खात्यांचे प्रमुख रोज ती समोर ठेवून बसू लागले.

परिणाम सांगण्यापूर्वी येथे थांबणे आवश्यक आहे, कारण ‘पद्धत बदलली आणि फायदा झाला’ एवढ्या विधानावर विश्वास ठेवायचा, तर मग वास्तुतज्ज्ञांवरही ठेवावा लागेल. कारखान्याचे प्रवेशद्वार ईशान्येला नेल्यावर विक्री वाढली, असे शपथेवर सांगणारे मालक आहेत आणि ते खोटे बोलत नाहीत. मात्र तज्ज्ञाला बोलावणे जाते ते धंद्याच्या सर्वांत वाईट वर्षी, आणि सर्वांत वाईट वर्षानंतरचे वर्ष बहुधा त्याहून बरेच असते, द्वार हलवा अथवा न हलवा. यशस्वी उद्योजकांच्या सवयी सांगत फिरणाऱ्या वक्त्यांची गोष्टही फारशी वेगळी नाही, कारण त्याच सवयी असून बुडालेल्यांना व्यासपीठावर कोणी बोलावत नाही. म्हणूनच त्या ६ कंपन्या हव्या होत्या. त्यांच्याही कारखान्यांत सल्लागार येऊन गेले होते आणि त्यांचीही मोजणी आठवड्यागणिक चालू होती, त्यामुळे ‘कोणीतरी पाहत आहे’ म्हणून नीट काम करण्याचा परिणाम दोन्ही गटांत सारखाच येणार होता.

तरीही एक शंका उरते, आणि मला या संशोधनात सर्वांत मोहक वाटतो तो तिच्यावरचा उपाय. कंपन्या केवळ १७ आहेत. कारखाने २८ असले, आठवडे शंभराहून अधिक असले आणि नोंदी हजारो असल्या, तरी सोडतीतल्या चिठ्ठ्या सतराच, कारण एकाच मालकाचे दोन कारखाने एकमेकांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत. एवढ्याशा संख्येवर संख्याशास्त्राची नेहमीची सूत्रे डोळे मिटून वापरता येत नाहीत, कारण ती मोठ्या नमुन्यासाठी बनवलेली आहेत. मग योगायोग वगळायचा कसा? यासाठी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्ये चहाच्या आठ कपांच्या उदाहरणाने प्रसिद्ध केलेली युक्ती उपयोगी पडते. एका बाईंचा दावा होता की कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे चवीवरून ओळखता येते. आठांपैकी दूध आधी घातलेले चार कप निवडण्याचे ७० मार्ग आहेत, त्यामुळे निव्वळ अंदाजाने सर्व कप बरोबर ओळखण्याची शक्यता सत्तरांत एक.

हाच विचार गिरणीत नेऊ. क्षणभर धरून चालू की सल्ल्याचा कोणत्याही कंपनीवर काडीचाही परिणाम झाला नाही. तसे असेल तर प्रत्येक कंपनीचे आकडे ती कोणत्याही गटात पडली असती तरी तेच राहिले असते, आणि सोडत म्हणजे तयार आकड्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवण्याचा खेळ ठरतो. हा खेळ संगणकावर पुन्हा पुन्हा खेळता येतो. १७ मधून ११ निवडण्याचे एकूण १२,३७६ मार्ग आहेत. प्रत्येक मार्गाने चिठ्ठ्या नव्याने चिकटवायच्या, दर वेळी दोन गटांच्या सरासरीतला फरक काढायचा, आणि प्रत्यक्षात मिळालेला फरक या १२,३७६ फरकांच्या रांगेत कोठे उभा राहतो ते पाहायचे. तो मधोमध कोठेतरी हरवला, तर सल्ल्याचे श्रेय सोडतीला जाते. त्याच्याएवढा किंवा त्याहून मोठा फरक देणाऱ्या सोडती मिळून ६१८ पेक्षा अधिक नसतील, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत असतील, तर ‘परिणाम नाही’ हे गृहीतक सोडून देणे शहाणपणाचे. आकड्यांचे वितरण घंटेच्या आकाराचे आहे, असे येथे मानावे लागत नाही, नमुना मोठा असण्याचीही अट नाही. सोडत प्रामाणिकपणे काढली होती, एवढे एकच सत्य या सगळ्या तर्काला पुरते. ज्या वाचकाला हा परिच्छेद दोनदा वाचावा लागला असेल, त्याने तो तिसऱ्यांदाही वाचावा अशी माझी शिफारस आहे.

दोषांच्या बाबतीत मिळालेला फरक योगायोगाच्या पदरात घालता येण्याजोगा नव्हता. ते चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. पडून राहणारा साठा सुमारे पाचव्या भागाने उतरला, उत्पादन सुमारे ९ टक्क्यांनी वाढले, आणि पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वर गेली. (नमुना लहान असल्याने या शेवटच्या आकड्याभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा रुंद आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.) सल्लागारांच्या कामाचा बाजारभाव सुमारे अडीच लाख डॉलर होता आणि अंदाजे वार्षिक नफावाढ तीन लाखांच्या आसपास.

एवढा फायदा समोर पडून होता तर मालकांनी तो आधीच का उचलला नाही? २०१३ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातले उत्तर मुख्यतः माहितीकडे बोट दाखवते. काही पद्धती मालकांनी ऐकल्याही नव्हत्या. ज्या ऐकल्या होत्या, त्यांनी पैसा वाचतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. आपले कापड आजूबाजूच्यांइतकेच चांगले आहे, मग दोष मोजण्यावर खर्च कशासाठी, असे ते मानत. आणि बरी चालणारी कंपनी वाढून वाईट कंपनीला बाजाराबाहेर का ढकलत नाही, याचे उत्तर घरात सापडले. माल आणि पैसा बाहेरच्या माणसाच्या हाती सोपवण्याची कोणाची तयारी नव्हती, त्यामुळे कंपनी किती मोठी होणार हे व्यवस्थापनाच्या दर्जापेक्षा कुटुंबात कर्ते पुरुष किती आहेत यावर अधिक ठरत होते. दोन भाऊ असतील तर दोन कारखाने, तिसऱ्यासाठी मुलगा मोठा होण्याची वाट पाहायची. मुली आणि सुना या हिशेबात जवळपास धरल्याच जात नव्हत्या, हे येथे नोंदवायला हवे. सल्ला मिळालेल्या कंपन्यांनी मात्र पुढील तीन वर्षांत इतरांपेक्षा अधिक कारखाने उघडले, कारण कागदावर आलेल्या नोंदींमुळे मालकाला दूर बसूनही कारखान्यात काय चालले आहे ते दिसू लागले होते.

२०१७ मध्ये संशोधक पुन्हा त्याच कंपन्यांत गेले. प्रयोगातल्या कारखान्यांनी उचललेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या तोवर सुटल्या होत्या. व्यवस्थापक सोडून गेला, किंवा मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नाही, ही दोन कारणे प्रामुख्याने पुढे आली. दोन गटांमधले अंतर मात्र नऊ वर्षांनंतरही पुष्कळ शिल्लक होते. शिवाय त्याच मालकांच्या ज्या कारखान्यांत सल्लागारांनी काम केले नव्हते, तेथेही यांतल्या बऱ्याच पद्धती पोहोचलेल्या आढळल्या.