पानावरचा फवारा गाठीपर्यंत जातो कसा?

नेरूळला आमच्या सोसायटीच्या लॉनमध्ये दर पावसाळ्यात लव्हाळा माजतो. माळीकाका खुरप्याने उपटतात, पातं हातात येतं आणि दोऱ्यात ओवल्यासारख्या काळ्या गाठी मातीतच राहतात. गाठ फोडली की थेट उटण्याचा वास. चार दिवसांत पुन्हा कोंब. म्हणजे खरं काम खालच्या गाठीशी, आणि तणनाशकाचा फवारा मारायचा वरच्या पानावर.

गंमत अशी की औषधं आधी आली, कारण नंतर कळलं. रस्ता तेवढा ठाऊक होता. पानात साखर तयार होते, रसवाहिन्यांत भरते, पाणी ओढून घेते आणि त्या दाबाने रस मुळांकडे ढकलला जातो, हे जर्मनीच्या अर्न्स्ट म्यूंख यांनी १९३० मध्ये मांडलं होतं. १९४० च्या दशकात २,४-डी हे तणनाशक आलं. ते साखरेबरोबर खाली उतरतं हे दिसत होतं. वाटेत गळून का जात नाही, हे कोडंच होतं.

उत्तर आंबटपणात निघालं. पेशीबाहेरच्या भित्तिकेत सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५, रसवाहिनीत ८ च्या आसपास. २,४-डी हे आम्ल. बाहेर त्याच्या सहाशे रेणूंतला एखादाच विद्युतभाराविना असतो, पण पेशीचं पटल ओलांडतो तो तोच. आत शिरला की प्रोटॉन सुटतो, भार येतो आणि परतीचं दार बंद. आत भाराविना राहणारा रेणू जवळजवळ दोन लाखांत एक! उंदराच्या पिंजऱ्याचाच हिशोब. वनस्पतींच्या ऑक्सिन या संप्रेरकाबद्दल हाच विचार रुबेरी आणि शेल्ड्रेक या संशोधकांनी १९७४ मध्ये मांडला. शेल्ड्रेक त्याच वर्षी आपल्याकडे, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत रुजू झाले.

१९७४ मध्येच बाजारात आलेलं ग्लायफोसेट हे तणनाशक मात्र या पिंजऱ्यात नीट बसत नाही. त्यावर कायमच भार असतो. १९७९ मध्ये संशोधक टायरी आणि सहकाऱ्यांनी वेगळं स्पष्टीकरण दिलं: काही रेणू पटलातून हळू शिरतात आणि तितकेच हळू निसटतात, तोवर रस त्यांना खाली घेऊन गेलेला असतो.

पॅराक्वाट या तणनाशकाचं उलट. उन्हात ते पान काही तासांत करपवतं, मग खाली नेणारा रसच थांबतो. ‘औषध जरा कडक कालवा’ म्हणणाऱ्या आमच्या कमिटीला हे पटवणं अवघड आहे. पान लगेच जळलं की गाठ वाचते.