कारखान्यातलं काम सुटलं? ईएसआयच्या बेरोजगारी मदतीसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

बुटीबोरी, हिंगणा, देवळी, नांदगाव पेठ किंवा ताडाळीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या गावाकडच्या कामगाराच्या पगारातून दर महिन्याला ०.७५ टक्के रक्कम ईएसआयसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यासाठी, कापली जाते. मालक किंवा ठेकेदार आपल्याकडून ३.२५ टक्के भरतो. या पैशावर दवाखाना चालतो हे कामगारांना माहीत असतं. काम सुटल्यावर जास्तीत जास्त ९० दिवसांची रोख मदत मिळू शकते, ही गोष्ट मात्र ठेकेदार सहसा सांगत नाही. या मदतीचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळायचे, २०२० मध्ये ते ५० टक्के झाले. योजना कायमस्वरूपी नाही, तिला वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते. म्हणून अर्ज भरण्याआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात किंवा १८००-११-२५२६ या टोल फ्री क्रमांकावर सध्याची मुदत विचारून घ्या.

ईएसआय लागू आहे का, हे आधी बघा

विदर्भात इथेच मोठी गफलत होते. फक्त जिनिंग किंवा कापसाच्या गाठी बांधण्याचं प्रेसिंग करणारा कारखाना कायद्याने हंगामी धरला जातो आणि हंगामी कारखान्याला ईएसआय लागू नाही. दिवाळीनंतर जिनिंगवर चार-पाच महिने राबणाऱ्या मजुराला म्हणूनच ही मदत मिळत नाही. कापसावर जगणाऱ्या भागातल्या मजुरांवर हा अन्याय आहे, पण आज नियम असा आहे. सूतगिरणी, कापड कारखाना, स्टील, सिमेंट, प्लास्टिक, पॅकिंग अशा बारमाही कारखान्यांत दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ईएसआय कापलाच पाहिजे. पगारपावतीवर कपात दिसते पण विमा क्रमांक दिलेला नाही, असं असेल तर तो आजच मागून घ्या. हा क्रमांक दहा अंकी असतो आणि जन्मभर एकच राहतो.

पात्रतेचा हिशोब

काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विमाधारक म्हणून नोकरी झालेली हवी. त्यानंतर दिवस मोजायचे. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत धरतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या तुकडीत किमान ७८ दिवसांचा पगार झालेला हवा. शिवाय त्याआधीच्या तीन तुकड्यांपैकी निदान एकीत ७८ दिवस भरलेले हवेत.

समजा, काम १० नोव्हेंबरला सुटलं. मग एप्रिल ते सप्टेंबर ही तुकडी बघायची. खरिपाच्या पेरणीला जून-जुलैमध्ये महिना-दीड महिना गावी गेलेल्यांना इथेच धाकधूक असते. एप्रिल आणि मे पूर्ण भरले असतील तर साधारण ५२ दिवस होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणखी २६ दिवस झाले की ७८ भरतात. म्हणजे पेरणीसाठी गेल्याने हक्क आपोआप जात नाही. पण ठेकेदाराने हजेरी कमी दाखवली तर जातो. हजेरी कार्डाचा आणि पगारपावतीचा दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे काम गेलं असेल, वय झाल्याने निवृत्ती झाली असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर मदत नाही. म्हणूनच हिशोब देताना पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही करू नका. काम संपल्यामुळे कमी केलं असेल, तर कागदावर तेवढंच लिहिलेलं असू द्या. एकाच वेळी दोन ठिकाणी ईएसआय कापला जात असेल, तर दोन्हीकडचं काम सुटल्यावरच तुम्ही बेरोजगार धरले जाता.

रक्कम किती येते

मागच्या चारही तुकड्यांतला एकूण पगार घ्यायचा, त्याला ७३० ने भागायचं आणि आलेल्या आकड्याचा निम्मा हा एका दिवसाचा दर. महिना १२,००० रुपयांप्रमाणे पूर्ण २४ महिने काम झालं असेल, तर एकूण २,८८,००० रुपये, रोजची सरासरी ३९४ रुपये ५२ पैसे, त्याचा निम्मा १९७ रुपये २६ पैसे. ९० दिवसांचे साधारण १७,७५३ रुपये होतात. मधले चार महिने कामाविना गेले असतील, तरी भागायचं ७३० नेच. मग तेच ९० दिवस सुमारे १४,७९४ रुपयांवर येतात. कामाचे दिवस कमी असूनही भागाकार पूर्ण दोन वर्षांचा होतो, म्हणून हाती येणारी रक्कम पगाराच्या निम्म्याहून कमी वाटते. यात कोणी पैसे खाल्लेले नसतात.

ही मदत आयुष्यात एकूण ९० दिवसांचीच आहे. मदतीच्या काळात ईएसआयची औषधोपचाराची सोय चालू राहते.

अर्ज

काम सुटून ३० दिवस पूर्ण झाल्यावर अर्ज करता येतो आणि एक वर्षाच्या आत तो करावा लागतो. पुढच्या तारखांचे पैसे मागता येत नाहीत, फक्त होऊन गेलेल्या बेरोजगार दिवसांचे मिळतात. मालकाची सही किंवा शिफारस लागत नाही. २०२० पासून कामगार थेट अर्ज करू शकतो आणि पैसे थेट बँक खात्यात येतात.

ईएसआयसीच्या, म्हणजे ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाच्या, संकेतस्थळावर विमाधारकाच्या लॉगिनमध्ये विमा क्रमांक टाका. ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर बंद पडला असेल, तर आधी शाखेत जाऊन तो बदलून घ्या. मग योजनेच्या पानावर बेरोजगारीची ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ तारीख भरा. आधार कार्ड आणि पासबुकाचं पहिलं पान स्कॅन करून जोडा. कागदपत्रं अपलोड झाली नाहीत, तर अर्जाची प्रिंट काढून सही करा आणि प्रतींसह शाखा कार्यालयात देऊन पोच घ्या. स्टँप पेपरवरच्या प्रतिज्ञापत्राची अट पूर्वी होती, ती काढून टाकली आहे. तालुक्याच्या ठिकाणी कोणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

अर्ज का अडकतो

सगळ्यात जास्त त्रास होतो तो काम सोडल्याच्या नोंदीचा. मालक दर महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करतो. त्याच भरण्यात गेलेल्या कामगारापुढे शून्य दिवस, कारण आणि शेवटच्या कामाची तारीख टाकायची असते. पुष्कळ ठेकेदार कारणाच्या जागी ‘रजेवर’ निवडून मोकळे होतात. मग तुम्ही घरी बसलेले असलात, तरी कागदावर नोकरीतच राहता. अर्ज करण्याआधी लॉगिनमध्ये ही नोंद बघा. चुकली असेल, तर ठेकेदाराला लेखी सांगा आणि ती प्रत शाखेतही द्या.

दुसरी अडचण दोन विमा क्रमांकांची. ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना क्रमांक न विचारता नवा काढतो. तुमचे दिवस दोन्हीकडे वाटले जातात आणि ७८ कुठेच भरत नाहीत. दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज शाखेत द्या आणि ते काम झाल्यावरच मदतीचा अर्ज भरा.

नाव आणि जन्मतारीख आधार, विमा आणि बँक या तिन्ही ठिकाणी सारखी हवी. लग्नानंतर नाव बदललेल्या बायांचे अर्ज इथे अडतात. बँकेचंही बघा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक मे २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. तिचं जुनं पासबुक असेल, तर आयएफएससी कोड बँकेच्या शाखेत विचारून मगच भरा.

मधल्या काळातली कमाई

या योजनेत घरच्या उत्पन्नाची मर्यादा नाही, तहसीलचा उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. सातबारा नावावर आहे म्हणून अर्ज नाकारला जाईल, अशी अट नाही. पण अर्जात तुम्ही जे दिवस बेरोजगार म्हणून लिहिता, त्या दिवसांत दुसरी नोकरी असता कामा नये. नवीन कारखान्यात ज्या दिवशी रुजू झालात, त्याच्या आदल्या दिवसापर्यंतच ‘पर्यंत’ची तारीख टाका. नव्या मालकाने तुमचा क्रमांक नोंदवला की शाखेला ते दिसतंच. सोयाबीन सोंगणीला किंवा कापूस वेचायला रोजाने गेला असाल, तर ते दिवस लपवू नका. तारखा वहीत लिहून ठेवा आणि त्या कशा दाखवायच्या हे शाखेत विचारून मगच अर्ज भरा. आजारपणाचा भत्ता आणि ही मदत एकाच दिवसासाठी घेता येत नाही. चुकीने जास्त घेतलेले पैसे परत करावे लागतात आणि जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

कारखानाच कायमचा बंद पडला असेल किंवा कायद्याने कामगारकपात झाली असेल, तर ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी करा. तिथे भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी कारखाना बंद झाल्याचा किंवा कपातीचा कागद लागतो, तो गेट बंद होण्याआधी हातात घ्या.