आइन्स्टाइन ऑन द बीच : चित्रित प्रयोग

आइन्स्टाइन ऑन द बीच : संगीतकार फिलिप ग्लास (जन्म १९३७) आणि दिग्दर्शक-नेपथ्यकार रॉबर्ट विल्सन (१९४१–२०२५) या अमेरिकन जोडीचा चार अंकी ऑपेरा. पहिला प्रयोग २५ जुलै १९७६ रोजी फ्रान्समधल्या आव्हिन्याँ महोत्सवात झाला. प्रयोग साडेचार ते पाच तास चालतो. त्याला मध्यंतर नाही आणि सांगण्याजोगी गोष्टही नाही. प्रेक्षकाने वाटेल तेव्हा उठावे, बाहेर फेरी मारावी, परत येऊन बसावे, ही मुभा रचनाकारांनीच दिलेली आहे. पॅरिसच्या शातले नाट्यगृहात जानेवारी २०१४ मध्ये झालेल्या प्रयोगाचे चित्रण डॉन केंट यांनी केले आणि ते २०१६ मध्ये डिस्कवर उपलब्ध झाले. तोपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे ज्यांनी हा ऑपेरा पाहिला ते सांगत आणि बाकीचे ऐकून घेत, असाच प्रकार होता. ध्वनिमुद्रिका, छायाचित्रे आणि १९८४ च्या पुनःप्रयोगावरचा एक माहितीपट, एवढ्यावर उरलेल्या जगाला भागवावे लागे. प्रस्तुत नोंद मुख्यतः हे चित्रण पाहण्याविषयी आहे. पण मूळ कलाकृती ठाऊक नसेल तर चित्रणात काय साधले आणि काय निसटले हे कळणार नाही, म्हणून आधी तिच्याविषयी.

जन्मकथा : विल्सन यांचे स्टालिनवरचे रात्रभर, सुमारे बारा तास चालणारे नाटक ग्लास यांनी १९७३ मध्ये ब्रुकलिनला पाहिले. पुढे दोघे दर आठवड्याला दुपारच्या जेवणाला भेटू लागले. एखाद्या सर्वांना ठाऊक असलेल्या माणसावर काम करायचे, म्हणजे त्याची गोष्ट सांगत बसावे लागणार नाही, असा विचार होता. विल्सन यांनी चॅप्लिन आणि हिटलर ही नावे सुचवली, ग्लास यांनी गांधी. अखेर एकमत झाले ते आइन्स्टाइनवर. (गांधी ग्लास यांनी सोडले नाहीत. १९८० मध्ये रॉटरडॅमला आलेल्या ‘सत्याग्रह’ या त्यांच्या ऑपेराची संहिता भगवद्गीतेतून घेतलेली असून ती संस्कृतातच गायली जाते.) ग्लास यांनी विल्सन यांची रेखाचित्रांची वही पियानोवर ठेवली आणि चित्रे पाहत पाहत संगीत रचले. म्हणजे इथे आधी चित्र, मग सूर, आणि शब्द सर्वांत शेवटी. ऑपेराच्या नेहमीच्या रीतीच्या हे नेमके उलट आहे.

रचना : सगळा ऑपेरा तीन दृश्यांवर उभा आहे : आगगाडी, न्यायालय, आणि मोकळे मैदान ज्यावरून एक अवकाशयान जाते. पहिल्या अंकात गाडी व न्यायालय, दुसऱ्यात मैदान व पुन्हा गाडी, तिसऱ्यात न्यायालय व पुन्हा मैदान, आणि चौथ्यात तिन्ही एकामागोमाग. चौथ्या अंकापर्यंत ही दृश्ये रूप पालटतात. गाडीची इमारत होते, न्यायालयातला पलंग तेवढा उरतो, आणि लांबून दिसणाऱ्या यानाच्या आपण पोटात शिरतो. अंकांच्या आधी, मधे आणि शेवटी मिळून पाच लहान प्रवेश येतात. विल्सन त्यांना ‘नी प्ले’ म्हणत. नी म्हणजे गुडघा, दोन हाडे जोडणारा सांधा. आइन्स्टाइन पात्र म्हणून कुठेच बोलत नाही. रंगमंच आणि वादक यांच्या मधोमध पांढऱ्या केसांचा, मिशांचा एक व्हायोलिनवादक बसलेला असतो. आइन्स्टाइनला व्हायोलिनचे वेड होते, त्याची ही खूण. बाकी बहुतेक कलाकारांच्या अंगावर पांढरा शर्ट, गॅलसची ढगळ पँट आणि मनगटी घड्याळ, म्हणजे आइन्स्टाइनच्या एका छायाचित्रातला वेष.

संगीत : ग्लास यांचे नाव ‘मिनिमलिस्ट’ या शिक्क्याशी जोडले गेले आहे, पण त्यांना स्वतःला तो शब्द फारसा रुचत नाही. कामाची सामग्री थोडी, आवर्तने अनेक, आणि फरक इतका बारीक की तो घडून गेल्यावर लक्षात येतो, असे या संगीताचे ढोबळ वर्णन करता येईल. पाच सुरांचा एक तुकडा काही वेळा वाजतो, मग त्यात एक सूर वाढतो, मग आणखी एक, मग दोन कमी होतात. ही बेरीज-वजाबाकी ग्लास यांना सापडली ती भारतीय संगीताच्या वाटेने. १९६० च्या दशकाच्या मध्यात पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे शिकत असताना एका चित्रपटासाठी पंडित रविशंकरांचे संगीत पाश्चात्त्य लिपीत उतरवण्याचे काम त्यांना मिळाले. फ्रेंच वादक वाजवायला बसले की आघात भलत्याच जागी पडत. तबल्यावर असलेले उस्ताद अल्लारखाँ पुन्हा पुन्हा सांगत, सगळे स्वर सारखेच आहेत. वैतागून ग्लास यांनी कागदावरच्या मात्रा तोडणाऱ्या उभ्या रेघा पुसून टाकल्या, तेव्हा दोन-दोन, तीन-तीनचे गट एकमेकांना जोडत जाणारी साखळी त्यांना दिसली. पुढची सगळी आयुष्यभराची कमाई त्या पुसलेल्या रेघांतून आली असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. मुंबईला घर केलेल्या अल्लारखाँचा हा धागा मराठी श्रोत्याला या ऑपेराच्या अगदी जवळ आणतो. मात्रा मोजत समेची वाट पाहणे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याला इथे निम्मे काम आयते मिळते. उरलेले निम्मे म्हणजे सम येणार नाही हे पचवणे.

शब्द : कोरस बहुतेक वेळ एक तर आकडे गातो किंवा सुरांची नावे. तालमीत लय आणि स्वर पाठ व्हावेत म्हणून ही खूण वापरली होती. ती बरी वाटली आणि तशीच ठेवली. पहिल्या नी प्लेमध्ये ऑर्गनवर मंद्रातले तीनच लांब सूर फिरत राहतात, चार, सहा आणि आठ मात्रांचे. कोरस ते मोजतो आणि मग ला, सो, डो असे म्हणतो. डो म्हणजे सा धरला तर हे झाले ध, प, सा. आपण सरगम गातो तेव्हा ‘याचा अर्थ काय’ असे कोणी विचारत नाही. हा ऑपेरा पाहून बाहेर पडलेल्यांनी मात्र तो प्रश्न पन्नास वर्षे विचारला आहे. बोलले जाणारे मजकूर तिघांचे : तेव्हा पोरवयात असलेला ऑटिस्टिक कवी ख्रिस्तोफर नोल्स, वृद्ध न्यायाधीशाचे काम करणारे सॅम्युएल जॉन्सन आणि नर्तिका ल्युसिंडा चाइल्ड्स. चाइल्ड्स यांचा एका वातानुकूलित सुपरमार्केटविषयीचा छोटासा परिच्छेद न्यायालयाच्या दुसऱ्या प्रवेशात तीसहून अधिक वेळा म्हटला जातो. शीर्षकातला समुद्रकिनारा जो काय येतो तो तेवढ्यातच, आणि तोही टाळला म्हणून.

प्रयोगांचा प्रवास : युरोपचा दौरा आटोपून नोव्हेंबर १९७६ मध्ये न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस भाड्याने घेऊन दोन रविवारी प्रयोग झाले. दोन्ही वेळा नाट्यगृह भरले आणि तरीही मंडळी मोठ्या कर्जात बुडाली. ग्लास पुन्हा टॅक्सी चालवू लागले. १९८४, १९९२ आणि २०१२ ते २०१५ असे तीन मोठे पुनःप्रयोग झाले. मूळ नृत्यांचा काही भाग अँड्र्यू डी ग्रोट यांचा होता. १९८४ पासून मैदानाच्या प्रवेशांतली दोन्ही मोठी नृत्ये चाइल्ड्स यांची आहेत. शेवटचा दौरा माँपेलिएपासून सुरू होऊन लंडन, ब्रुकलिन, मेक्सिको सिटी, हाँगकाँग, मेलबर्न असा फिरत पॅरिसला आला, आणि तिथे कॅमेरे लागले. भारतात हा दौरा आला नाही.

चित्रण : शातलेच्या प्रयोगात संगीतसंचालक मायकेल रीसमन आणि ग्लास यांचा स्वतःचा वाद्यसंच आहे. नी प्लेमधल्या दोन स्त्रिया हेल्गा डेव्हिस व केट मोरान, व्हायोलिनवर अँटवान सिल्व्हरमन. आवाजाच्या बाबतीत चित्रणाचे फार नुकसान होत नाही. बहुतेक ऑपेरांत गायकाचा नैसर्गिक आवाज मायक्रोफोनमधून आला की काहीतरी हरवते. हे संगीत मुळातच ध्वनिवर्धकातून ऐकण्यासाठी रचलेले आहे. बऱ्यापैकी स्पीकर लावले तर घरात नाट्यगृहातल्याच्या पुष्कळ जवळ जाता येते. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऑर्गनचे मंद्र सूर ऐकूच येत नाहीत, आणि मग पायाच नाहीसा होतो.

अडचण आहे ती डोळ्यांची. विल्सन यांचा रंगमंच समोरून पाहायच्या चित्रासारखा असतो आणि त्यात एकाच वेळी चार गती चालू असतात. आगगाडीच्या प्रवेशात एक नर्तिका तिरक्या रेषेवर पुढे-मागे येरझाऱ्या घालते, उंच मचाणावरचा मुलगा कागदी विमाने सोडतो, आणि मागे पुठ्ठ्याची असावी तशी सपाट आगगाडी मुंगीच्या पावलाने आत सरकते. नाट्यगृहात आपण नर्तिकेकडे पाहत असतो आणि अचानक ध्यानात येते, अरे, गाडी इथवर आली! हा धक्काच त्या प्रवेशाचा जीव आहे. कॅमेरा नर्तिकेच्या जवळ गेला की गाडी चौकटीबाहेर जाते, आणि पुन्हा दूरचा शॉट आला की गाडी पुढे आलेली दिसते. पण तो शोध आपण लावलेला नसतो, संकलकाने लावून दिलेला असतो. केंट यांनी दूरचे आणि जवळचे दोन्ही शॉट वापरले आहेत, त्याला इलाजही नव्हता. साडेचार तास एकाच जागी ठेवलेला कॅमेरा तत्त्वाला धरून झाला असता. पडद्यावर माणसे मात्र तांदळाएवढी दिसली असती.

जवळून पाहण्याचे मोलही मान्य करायला हवे. नी प्लेमधल्या दोघींची बोटे हवेत कसले तरी टंकलेखन करत असतात, ते मागच्या रांगेतून काय दिसणार. कोरसचे चेहरे दिसतात, मोजणारे ओठ दिसतात, दात घासल्याचा अभिनय आणि बाहेर काढलेली जीभ दिसते (आइन्स्टाइनच्या त्या सुप्रसिद्ध छायाचित्राची आठवण). नृत्यांत तर चित्रण सरळसरळ फायद्यात आहे. चाइल्ड्स यांचे नर्तक साध्या उड्या आणि गिरक्या इतका वेळ घेत राहतात की लांबून ते यंत्र वाटते. जवळ गेले की घाम दिसतो, श्वास दिसतो, आणि न चुकता मोजत राहण्याला किती ताकद लागते ते समजते.

कॅमेऱ्याला सर्वांत जड जातो तो चौथ्या अंकातला पलंगाचा प्रवेश. काळोख्या रंगमंचावर आडवा पडलेला प्रकाशाचा एक पट्टा. त्याचे एक टोक हळूहळू वर उचलले जाते, पट्टा उभा होतो आणि सरळ वर जाऊन दिसेनासा होतो. सोबत ऑर्गन आणि एक स्त्रीस्वर. बाकी काहीच घडत नाही. नाट्यगृहात तो पट्टा अंधारात एकटा असतो; घरात त्याच्या सोबतीला खिडकीचे प्रतिबिंब, राउटरचा हिरवा दिवा आणि पडद्यावरची धूळ येते. हा एक प्रवेश तरी रात्री, सगळे दिवे मालवून पाहावा. दुपारी पाहिला तर पडद्यावर ट्यूबलाइट उभी केल्यासारखे दिसते आणि हसू येते.

उठण्याची मुभा आणि पॉज : या ऑपेराची लांबी ही सहनशक्तीची परीक्षा नाही. मधे उठायला परवानगी आहे याचा अर्थ एवढाच, की प्रयोग कोणासाठी थांबत नाही. तुम्ही बाहेर असता तेव्हा तो आत चालूच राहतो आणि परत आल्यावर चुकलेले परत मिळत नाही. कोकणात रात्रभर दशावतार पाहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मधे डुलकी लागते, चहा होतो, जाग येते तेव्हा राक्षस आलेला असतो. रिमोटवरचे पॉजचे बटण नेमके हेच हिरावून घेते. कलाकृती आपल्या सोयीने थांबू लागली की तिचा काळ आपल्या घड्याळाला बांधला जातो. चार संध्याकाळी चार अंक, अशी विभागणी अनेकांना सोयीची वाटते. पण तसे केल्यास चौथ्या अंकात इमारत ही मुळात आगगाडी होती हे शरीराला आठवत नाही, फक्त बुद्धीला आठवते. त्यापेक्षा पॉज न करता खोलीतून उठून जावे. स्वयंपाकघरात भाजी परतताना बाहेरून आकडे ऐकू येत राहतात, आणि कुकरची शिट्टी झाल्यावर परत येऊन पाहावे तर न्यायाधीश जागचे हललेले नसतात. असे पाहणे मूळ प्रयोगाशी अधिक इमान राखणारे आहे.

मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या चित्रपटगृहांतल्या प्रक्षेपणांतून ‘सत्याग्रह’ (२०११) आणि ‘अख्नातेन’ (२०१९) हे ग्लास यांचे पुढचे दोन ऑपेरा जगभर पोहोचले. मुंबईतही एनसीपीए या कलाकेंद्रात मेटच्या, म्हणजे मेट्रोपॉलिटनच्या, चित्रित ऑपेरांचे खेळ होतात. त्या दोन्ही ऑपेरांना मध्यंतरे आहेत, इतिहासातली माणसे आहेत, पकडायला काही दोरा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथून सुरुवात केली तर बिघडत नाही. विल्सन यांच्याविना ‘आइन्स्टाइन’ उभा करण्याचे प्रयोगही झाले आहेत, उदाहरणार्थ २०१९ मध्ये जिनिव्हा येथे. ते वेगळेच काम मानावे लागते, कारण इथे संहिता म्हणजे जवळजवळ ती रेखाचित्रांची वहीच.

शेवट : यानाच्या प्रवेशात दिव्यांच्या भल्यामोठ्या जाळ्यापुढे माणसे काचेच्या पेट्यांतून आडवी-उभी सरकतात, संगीत कमालीचे वेगवान होते, आणि अणुस्फोट झाला असावा असे सुचवले जाते. त्यानंतर पाचवा नी प्ले. त्या दोघी बाकावर बसल्या आहेत. एक बस येते, आणि तिचा वृद्ध चालक बागेतल्या बाकावरच्या दोन प्रेमिकांची साधी, थोडी भाबडी गोष्ट सांगतो. चार तासांत ऐकलेली ही पहिली सरळ गोष्ट. चित्रणात इथे चालकाचा चेहरा जवळून पाहता येतो, आणि पूर्ण रंगमंच दिसला नाही याची खंत या एका प्रवेशापुरती तरी उरत नाही. मागे व्हायोलिन आहे, कोरस पुन्हा मोजू लागला आहे, आणि खाली ऑर्गनवर तेच तीन सूर : ध, प, सा.