धाक आणि माया: तुर्कस्तानातून सुरू झालेला एक शोध

मुस्लिम घरांत आईबाप कडक, मुलग्यांना मोकळीक आणि मुलींना बंधनं, असं सरसकट बोललं जातं. पालकत्वाचं शास्त्रही बराच काळ कडकपणाकडे संशयानेच पाहत आलं. १९६०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत, मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी पालकांचे तीन प्रकार मांडले: हुकूम सोडणारे, समजावून शिस्त लावणारे आणि सगळं चालवून घेणारे. दुसरा प्रकार उत्तम ठरला. अभ्यासातली मुलं मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतली होती, तरी तीच मोजपट्टी पुढे जगभर वापरली गेली.

त्याच दशकात, त्याच बर्कलीत, तुर्कस्तानच्या चिदेम काअत्चिबाशी पीएच.डी. करत होत्या. त्यांनी तुर्की आणि अमेरिकन किशोरवयीन मुलांची तुलना केली. तुर्की मुलांना घरचा धाक जास्त जाणवत होता, पण आईबापांची माया कमी आहे, असं त्यांना वाटत नव्हतं. धाक वाढला की माया आटते, हे गृहीतच इथे डळमळलं. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

पुढे १९७०च्या दशकात अनेक देशांत 'मूल कशासाठी हवं' याची पाहणी झाली. तुर्कस्तानात म्हातारपणची काठी म्हणून मुलाकडे पाहिलं जाई आणि मुलगा हवा म्हणणाऱ्या आया बहुसंख्य होत्या. २००३ साली पुन्हा विचारलं, तर पारडं मुलींकडे झुकलं होतं. दरम्यान धर्म तोच राहिला होता. शहरं वाढली, शिक्षण वाढलं, आणि मुलांच्या कमाईवर विसंबण्याची गरज घटली.

१९८२ मध्ये काअत्चिबाशी आणि सहकाऱ्यांनी इस्तंबूलच्या गरीब वस्त्यांत आयांसाठी मुलं वाढवण्याचं प्रशिक्षण सुरू केलं. त्यांची मुलं किशोरवयात आली तेव्हा ८६ टक्के अजून शाळेत होती. ज्यांच्या आयांना प्रशिक्षण नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण ६७ टक्के होतं.

अरब जगाकडे लक्ष गेलं ते नंतर. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ मरवान द्वैरी यांचा आठ अरब समाजांतल्या सुमारे २,९०० किशोरवयीनांवरचा अभ्यास आला. तिथे बॉमरिंड यांचे प्रकार सुटे सापडलेच नाहीत. ते एकमेकांत मिसळलेले होते. द्वैरींच्या पुढच्या कामात मुलांच्या मानसिक त्रासाशी नातं दिसलं ते पालकांच्या धरसोडीचं: आज ज्यासाठी रागावायचं, त्याकडे उद्या काणाडोळा करायचा.