मोबाईल होम पार्क घेताय? सही करायच्या आधी जमिनीखाली काय आहे ते बघून घ्या

अमेरिकेत मोबाईल होम पार्क, म्हणजे कारखान्यात बनवून आणलेल्या घरांची वसाहत, बघायला गेलं की सगळे घरंच बघत बसतात. पण बऱ्याच पार्कांत घरं भाडेकरूंचीच असतात, तुम्ही घेता ती जमीन, रस्ते आणि खालचे पाईप, आणि पैसे खातात ते हे पाईपच. म्हणून खरेदीआधी आम्ही जी तपासणी करून देतो ती ड्रेनेजपासून सुरू होते. जुन्या पार्कात मातीचे नाहीतर ऑरेंजबर्गचे पाईप निघतात, हे ऑरेंजबर्ग म्हणजे डांबर पाजलेला कागदी लगदा, वरच्या मातीने चपटा होत जातो आणि झाडांची मुळं आत घुसतात. विकणारा कितीही 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणू दे, मेन लाईनमध्ये कॅमेरा घालायचाच.

पाण्याला एकच मेन मीटर असेल तर आम्ही रात्री दोन-तीनला जाऊन बघतो, सगळे झोपलेत आणि काटा गरगर फिरतोय म्हणजे कुठेतरी गळतंय आणि ते बिल उद्यापासून तुमचं. बोअरचं पाणी असेल तर अजून भानगड, 15 कनेक्शन किंवा कायम राहणारी 25 माणसं झाली की फेडरल कायद्याने ती सार्वजनिक पाणीपुरवठा योजना धरतात, मग टेस्टिंग, रिपोर्ट सगळं मालकाच्या गळ्यात. गॅसचं मास्टर मीटर, म्हणजे सगळ्या पार्कला मिळून एकच मीटर असेल तर तिथेही तेच, मीटरच्या पुढची लाईन मालकाने सांभाळायची.

काही घरं पार्कच्याच मालकीची असतील तर बाहेरच्या भिंतीवर, मागच्या टोकाला खालच्या बाजूला पत्र्याची छोटी लाल पट्टी शोधा. 15 जून 1976 पासून बनलेल्या घरांना ती हडच्या (HUD, अमेरिकेचं केंद्रीय गृहनिर्माण खातं) नियमाने लागते. नसेल तर घर त्याआधीचं, नाहीतर पट्टी कोणीतरी उचकटलीय, दोन्हीत लोन मिळायला त्रास होतो. विजेच्या खांबावरचा ब्रेकर पण उघडून बघा, 60 अँपचा असेल तर नवीन घर आणताना बदलावा लागणार.

रिकामे लॉट, म्हणजे घर ठेवायच्या जागा दाखवून 'इथे घरं टाका, भाडं वाढेल' असं ब्रोकर सांगतो ना, त्यावर आमचा तरी विश्वास नाही. कित्येक पार्क आजच्या झोनिंगमध्ये, म्हणजे कुठल्या जागेवर काय चालेल या गावच्या नियमात बसतच नाहीत, जुने म्हणून चालू दिलेत, आणि लॉट बरेच दिवस रिकामा राहिला तर काही गावं नवीन घर टाकू देत नाहीत. गावच्या ऑफिसकडून लेखी घ्या.

रेंट रोल, म्हणजे कोण किती भाडं देतो त्याची यादी, बँकेतल्या जमा रकमेशी जुळवायचं काम तुमच्या सीपीएचं (अमेरिकेतला सीए), ते आम्ही करत नाही. आमच्याकडून रिपोर्टसोबत कॅमेऱ्याचा व्हिडिओ मिळेल, तो दाखवून भाव किती पाडायचा ते तुम्ही बघा.