कॉर्नेलच्या खोक्यातला उसना उजेड

दुपारी खिडकीतून फरशीवर कवडसा पडतो. ऊन थेट येतं ते तेवढ्याच चौकोनात, तरी खोलीचा कोपरान्‌कोपरा दिसतो, कारण फरशीचा उजेड भिंतीवर, भिंतीचा छतावर असा फिरत राहतो. संगणकाकडून चित्र करून घेताना घाम काढतो तो हाच उसना उजेड.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हा उजेड गणिताने पकडण्यासाठी एक साधं खोकं निवडलं. पुढे त्याचं जे रूप रूढ झालं, त्यात एक भिंत लाल, समोरची हिरवी, बाकी सगळं पांढरं. प्रत्येक बाजू सुमारे ५५ सेंमी, छतात १३ × १०.५ सेंमीचा दिवा. गणित बरोबर असेल तर लाल भिंतीजवळच्या पांढऱ्या फरशीवर लालसर झाक आपोआप येते. ती वेगळी रंगवावी लागत नाही.

१९८६ मध्ये संशोधक जिम काजिया यांनी या सगळ्याचं समीकरण मांडलं. एखाद्या बिंदूतून डोळ्याकडे येणारा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा उजेड, अधिक सगळ्या दिशांनी येऊन तिथून परावर्तित झालेला. पण तो येणारा उजेड दुसऱ्या कुठल्या तरी बिंदूतून निघालेला, आणि त्यालाही हेच समीकरण! म्हणून थेट सोडवायचं सोडून वाटा तपासायच्या: कॅमेऱ्यातून पिक्सेलमार्गे उलटा किरण पाठवायचा, तो जिथे आदळेल तिथून यादृच्छिक दिशेला पुढे, आणि अशा अनेक वाटांची सरासरी घ्यायची. हेच पाथ ट्रेसिंग.

भोळेपणाने केलं तर ते फसतं. रिकाम्या खोक्याच्या फरशीच्या मध्यावरून १००० किरण सोडले तर दिव्यावर आदळतात जेमतेम १४. थेट उजेडाचाच अंदाज सुमारे २६ टक्क्यांनी इकडेतिकडे होतो, आणि चित्रभर दाणे दिसतात. दाणे निम्मे करायला किरण चौपट लागतात, त्यामुळे नुसती संख्या वाढवून भागत नाही. उपाय असा की प्रत्येक आदळीच्या जागी दिव्यावरचा एक बिंदू निवडायचा, मध्ये आडोसा नाही ना हे पाहायचं, आणि दिव्याच्या तेजाला त्याचं क्षेत्रफळ व दोन्हीकडच्या कोनांचे कोसाइन यांनी गुणून अंतराच्या वर्गाने भागायचं. मात्र पुढे भटकता किरण योगायोगाने दिव्यावर गेला तर तो उजेड पुन्हा मोजायचा नाही. नवख्यांच्या प्रोग्राममध्ये फरशी उगाच उजळ दिसते ती बहुतेक या दुहेरी मोजणीमुळे.

दुसरी नेहमीची खोट म्हणजे फरशीवर काळे ठिपके. दशांशाच्या बारीक चुकीमुळे नवा किरण निघतो त्याच पृष्ठभागाला धडकतो. सुरुवातीचा बिंदू केसभर वर उचलला की ठिपके जातात. फार उचलला तर वस्तूच्या बुडाशी उजेड गळायला लागतो.

किरणाच्या किती उड्या, म्हणजे आदळून पुढे जाणं, मोजायच्या? पांढरा रंग ७५ टक्के उजेड परत देतो असं धरलं तर चार उड्यांनंतर ३२ टक्के उरतो, दहानंतर साडेपाच. चौथ्या उडीला वाट तोडली तर कोपरे काळवंडतात. त्यापेक्षा नाणेफेक बरी: वाट ७५ टक्के शक्यतेने चालू ठेवायची, आणि वाचली तर तिचं मूल्य ०.७५ ने भागायचं. हा भागाकार विसरला की चित्र अंधुक.

पांढऱ्याला १०० टक्के देऊ नका. बंद खोलीत उजेड कधी संपतच नाही. चित्रफाइलीतले आकडेही तसेच वापरू नयेत. २५५ पैकी १२८ हा करडा रंग प्रत्यक्षात सुमारे २२ टक्केच उजेड परत देतो. त्याला ५० टक्के समजलं तर दोन उड्यांत उजेड पाचपटीहून जास्त फुगतो. खोली दुधाळ दिसत असेल तर आधी हे तपासावं.

खोक्यात काचेचा गोळा ठेवला की मात्र दिव्याकडे सरळ किरण टाकायची युक्ती लंगडी पडते, कारण काच तो वाकवते. क्वचित एखादी भटकी वाट काचेतून नेमकी दिव्याला भिडते आणि त्या पिक्सेलवर भगभगीत ठिपका उमटतो. अशा ठिपक्यांना फायरफ्लाय, म्हणजे काजवे, असंच म्हणतात. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्राममधल्या सायकल्स या चित्र काढणाऱ्या भागात अप्रत्यक्ष उजेडाच्या नमुन्यांना कमाल मर्यादा घालता येते. काजवे विझतात, पण त्याबरोबर काचेने एकवटलेल्या उजेडाची गोळ्याखालची झळाळती नक्षीही मंदावते. ती नक्षी हवीच असेल, तर उलटं दिव्यापासून प्रकाशकण सोडून ते फरशीवर कुठे पडले याची नोंद ठेवणारी फोटॉन मॅपिंगची पद्धत वापरावी.