घोडा माणसाळतो कसा : काही शब्दांची आणि एका रिंगणाची पार्श्वभूमी

गोव्यात घोडा आज मुख्यतः दोन रूपांत दिसतो. शिगम्यात डिचोली-सत्तरीकडे तो बांबूच्या सांगाड्याचा आणि रंगीत कापडाचा असतो. किनारपट्टीलगतच्या मोजक्या तबेल्यांत तो हाडामांसाचा असतो आणि बहुतेक वेळा परराज्यातून ट्रकने आलेला असतो. या दुसऱ्या घोड्याकडे वळणारी मंडळी हल्ली मोबाइलवर पाहिलेले एक दृश्य मनात घेऊनच येतात. गोल कुंपणात एक बुजरा, कधी पाठीवर कोणी न बसलेला घोडा मोकळा सोडलेला असतो. मधोमध उभा असलेला माणूस त्याला काही फेऱ्या पळवतो. घोडा हळूहळू वेग कमी करतो, मान खाली घालतो, तोंड चावल्यासारखे करतो, आणि माणसाने पाठ फिरवताच मुकाट त्याच्या मागे चालू लागतो. अर्ध्या तासात विश्वास बसला, असे त्याखाली लिहिलेले असते. या दृश्याला मोठा इतिहास आहे आणि त्याचा अर्थ काय लावायचा, याबद्दल जाणकारांत आजही एकमत नाही.

प्रथम शब्दांचा गुंता सोडवणे आवश्यक आहे, कारण अर्धे वाद त्यातूनच निघतात. ज्याला आपण सरसकट 'जंगली घोडा' म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी वन्य नसून मोकाट असतो. म्हणजे त्याचे पूर्वज कधीतरी माणसाच्या दाव्याला होते आणि नंतर सुटले. अमेरिकेतील मस्टँग आणि ऑस्ट्रेलियातील ब्रम्बी हे या वर्गातले. आसाममधील दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात फिरणारे घोडेही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी घोड्यांचे वंशज मानले जातात. कच्छच्या रणातील घुडखर खरोखर वन्य आहे, पण ते गाढवाच्या कुळातले. आपल्याकडे तबेल्यात 'जंगली' म्हणून जो घोडा दाखवला जातो, तो बहुधा यांपैकी काहीच नसतो; तो केवळ कोरा असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी आधी बिघडवलेला असतो. कोऱ्या घोड्याला माणूस माहीत नसतो, बिघडलेल्याला तो चांगलाच माहीत असतो. या दोघांना एकच उपाय लागू पडेल असे समजणे ही या विषयातली सर्वांत महाग चूक आहे.

दुसरा गुंता क्रियापदांचा आहे. इंग्रजीत घोडा 'मोडतात', आणि त्या भाषेतून आलेल्या साहित्यामुळे 'घोडा मोडणे' हा प्रयोग आता मराठीतही शिरू पाहतो आहे. गोव्यात त्यामुळे वेगळीच गंमत होते, कारण आपल्याकडे शिगम्यातला घोडेमोडणी हा नाच आहेच. परंतु त्या 'मोडणी'चा अर्थ अंग मोडून, लय धरून नाचणे असा आहे. कमरेला घोडा बांधलेला नर्तक एका हाताने लगाम सावरतो, दुसऱ्या हाताने तलवार फिरवतो आणि ढोल-ताशाच्या ठेक्यावर पुढे-मागे झुलतो. तेथे घोड्याचे काही मोडत नाही. जुन्या मराठीत घोडा तयार करणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत, म्हणजे त्याची ओळख त्याच्या हातातील वस्तूवरून ठरे. घोड्याला दोरीवर गोल फिरवून शिकवण्याला 'कावा' असा शब्द होता. पुढे घोडा विसरला गेला आणि कावा तेवढा डावपेचांच्या, फसवणुकीच्या अर्थाने भाषेत राहिला.

या सर्वांपेक्षा निराळा शब्द म्हणजे 'माणसाळणे'. हे क्रियापद अकर्मक आहे. घोडा माणसाळतो, ती क्रिया घोड्याची आहे, माणूस फार तर तिला वाव देतो. 'माणसाळवणे' हे प्रयोजक रूप आहे खरे, पण त्यातही कर्ता दुसऱ्याकडून काही घडवून घेतो, स्वतः त्याचे काही मोडत नाही किंवा त्याला जिंकत नाही. 'वश करणे' आणि 'माणसाळणे' यांतील अंतर हाच या विषयाच्या इतिहासाचा कणा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि पुढील मांडणीत ते लपवलेले नाही.

दूरच्या भूतकाळाविषयी थोडक्यात सांगता येईल. आजचे जवळजवळ सर्व पाळीव घोडे व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातून, इसवी सनापूर्वी सुमारे २२०० च्या सुमारास पसरू लागलेल्या वंशाचे आहेत, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले. त्या वंशात निवड झालेल्या जनुकांपैकी एकाचा संबंध पाठीच्या बळकटीशी आणि दुसऱ्याचा भीती व मनःस्थितीच्या नियमनाशी जोडला जातो. म्हणजे आपल्यासमोर उभा असलेला सर्वांत बुजरा शिंगरूदेखील चार हजार वर्षांच्या निवडीतून आलेला असतो. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपास मितान्नी या पश्चिम आशियातील प्राचीन राज्याच्या एका अश्वशिक्षकाने रथाच्या घोड्यांना कित्येक महिन्यांत कसे तयार करावे, याचा दिवसवार क्रम मातीच्या विटांवर लिहून ठेवला. त्यातील फेऱ्या मोजण्याचे शब्द एक, तीन, पाच, सात, नऊ या आपल्या ओळखीच्या आकड्यांशी आणि 'वर्तन' या शब्दाशी नाते सांगणारे आहेत. गोल फिरवून शिकवण्याची कल्पना किती जुनी आहे, हे यावरून लक्षात यावे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात एका ग्रीक सेनानीने रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, असे बजावले आणि जबरदस्तीने करवलेल्या गोष्टीत घोड्याला समज नसते व सौंदर्यही नसते, असे लिहिले.

गोव्याचा या इतिहासातील वाटा मोठा असला तरी तो शिकवण्याचा नसून बाजाराचा आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले, त्यामागे इराणच्या आखाताच्या तोंडावरील होर्मुझ बंदरातून येणाऱ्या अरबी घोड्यांच्या व्यापारावर ताबा मिळवणे हे एक प्रमुख कारण होते. घोड्यामागे सुमारे ४० परदाव (त्या काळचे सोन्याचे नाणे) जकात घेतली जाई आणि गोव्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यातून येई. १५४७ च्या तहाने गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरालाच मिळावेत, विजापूरला मिळू नयेत, असे ठरले. त्याच्याही आधी विजयनगरच्या एका राजाने समुद्रात मेलेल्या घोड्याची केवळ शेपटी आणून दाखवली तरी जिवंत घोड्याइतकी किंमत मोजली, असे सोळाव्या शतकातील एका पोर्तुगीज व्यापाऱ्याने नोंदवले आहे. जहाजाच्या पोटात आठवडेच्या आठवडे बांधून राहिलेला घोडा येथे उतरे, विकला जाई आणि घाटावर जाई. त्याला दाणा, पाणी, नाल, जकात सर्व काही येथे मिळे. मात्र त्याच्याशी ओळख करून घेण्याइतका वेळ येथे कोणाकडेच नव्हता. गोव्याची स्वतःची अशी घोड्याची जात तयार झाली नाही, याला दमट हवा आणि चाऱ्याची अडचण जशी कारणीभूत आहे, तसा हा वाटसरू व्यापारही आहे.

आधुनिक प्रकरण १८५८ मध्ये सुरू होते. त्या वर्षी अमेरिकेतील ओहायोचा एक शिक्षक इंग्लंडच्या राणीसमोर आपली विद्या दाखवून गेला. कोणालाही जवळ येऊ न देणाऱ्या, अत्यंत दुष्ट म्हणून गाजलेल्या एका वळू घोड्याला त्याने काही तासांत हाताळण्याजोगे केले आणि तो घोडा पुढे त्याच्याबरोबर फिरू लागला. त्याची पद्धत अशी होती, की घोड्याचा एक पुढचा पाय दुमडून पट्ट्याने बांधायचा, दुसरा वर ओढायचा, दमवून त्याला जमिनीवर आडवे व्हायला लावायचे आणि मग अंगभर हात फिरवून त्याला गोंजारायचे. त्या काळच्या चाबकाच्या पद्धतीशी तुलना करता ही दयाळू पद्धत होती, हे मान्य करायला हवे. परंतु पळून जगणाऱ्या प्राण्याचा पळण्याचा मार्गच काढून घेतल्यावर तो जो शांत होतो, ती शांतता विश्वासाची की हताशेची, हा प्रश्न तेव्हाच विचारला जायला हवा होता.

त्यानंतर १३१ वर्षांनी, १९८९ मध्ये, पुन्हा एक अमेरिकन शिक्षक पुन्हा एका इंग्लंडच्या राणीसमोर उभा राहिला. या वेळी पट्टा नव्हता, गोल रिंगण होते. लहानपणी नेवाडात मोकाट घोड्यांचे कळप पाहून आपण घोड्यांची देहबोली शिकलो, असे त्याचे म्हणणे होते: कळपातील जाणती घोडी उनाड पोराला बाहेर हाकलते आणि तो नमला की परत घेते, तेच माणसाने रिंगणात करायचे. ही पद्धत जगभर पसरली आणि सुरुवातीला उल्लेखिलेले दृश्य तिचेच आहे. तोवर अमेरिकेत १९७१ च्या कायद्याने मोकाट घोड्यांना संरक्षण मिळाले होते. वाढलेल्या कळपांतील घोडे पकडून इच्छुकांना दत्तक देण्याची सरकारी योजना सुरू होती, आणि पुढे सुमारे १०० दिवसांत मस्टँग तयार करून दाखवण्याच्या स्पर्धाही सुरू झाल्या. अशा वातावरणात लवकर फळ देणाऱ्या पद्धतीला मागणी असणे स्वाभाविक होते.

वादाचा मुद्दा असा आहे. रिंगणात घोडा दूर असतो तेव्हा त्याच्यावर दाब असतो. तो माणसाकडे वळला की दाब निघतो. म्हणजे माणसाजवळची जागा हीच काय ती निवांत जागा, हे तो शिकतो. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने यात गैर काही नाही. दाब आणि सूट हेच घोडेस्वारीचे व्याकरण आहे, लगामही त्याच तत्त्वावर चालतो, आणि सूट नेमकी कोणत्या क्षणी मिळते यावर सर्व काही अवलंबून असते. प्रश्न आहे तो या शिकण्याला 'विश्वास' म्हणावे का, हा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ मध्ये याची मोठी मार्मिक परीक्षा घेतली. त्यांनी रिंगणात माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातील मोटार सोडली. घोडा तिच्यापासून दूर पळाला की ती पाठलाग करी, तिच्याकडे वळला की थांबे. थोड्याच वेळात घोडे मोटारीकडे वळू लागले आणि तिच्याजवळ जाऊ लागले. त्यांचा मोटारीशी ऋणानुबंध जुळला, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय एक घोडी दुसऱ्याला गोल-गोल पळवत ठेवते, असे मोकळ्या कळपात सहसा दिसत नाही. आणि कुंपण नसते तर तो घोडा दोन फेऱ्यांत क्षितिजापार गेला असता. या पद्धतीचे समर्थक म्हणतात, की चांगला शिक्षक घोड्याला दमवत नाही आणि रिंगण ही केवळ पहिली ओळख असते. ते खरेही असेल. पण चित्रफितीत पहिल्या ओळखीलाच लग्न म्हटलेले असते.

टिकाऊ नात्याबद्दल जे अभ्यास झाले, ते याहून साधे आहेत आणि त्यात पाहण्याजोगे नाट्य जवळजवळ नाही. फ्रान्समधील कामार्ग भागात १९९३ मध्ये असे दिसले, की मानेच्या बुडाशी, जिथे आयाळ संपते तिथे खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. घोडे एकमेकांना नेमके तिथेच दातांनी खाजवतात. बार्देशमधील एका तबेल्यात हे मी जवळून पाहिले आहे. परगावाहून आलेली तांबडी घोडी कानाला हात लावू देत नव्हती, तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, पाहून भिंतीला चिकटत होती. तेथील मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसाने, तिच्या तोंडाकडे जाणे सोडले आणि खांद्याकडून येऊन त्या एका जागी बोटांची टोके फिरवत राहिला. काही वेळाने तिचा वरचा ओठ लांबला आणि थरथरू लागला. तिने एक पाऊल मागे घेताच त्याने हात काढला, आणि त्या दिवसाचे काम तिथेच थांबवले.

नव्या शिंगरांविषयीचा अनुभवही असाच आहे. जन्मताच शिंगराला धरून सर्वांगाला हात लावण्याची पद्धत मागे अमेरिकेतून फार बोलबाल्याने आली, पण तिचा परिणाम टिकत नाही, असे पुढील अभ्यासांत दिसले. उलट फ्रान्समधील एका प्रयोगात माणसांनी शिंगराला हातच लावला नाही. व्यालेल्या घोडीला पहिले पाच दिवस रोज पंधरा मिनिटे शांतपणे खरारा केला आणि शिंगरू बाजूला उभे राहून पाहत राहिले. ही शिंगरे पुढे माणसाजवळ अधिक सहज आली आणि तो फरक सुमारे वर्षभरानंतरही जाणवत होता. २०१० मधील एका अभ्यासात खाऊ देऊन शिकवलेल्या तरुण घोड्यांनी कित्येक महिने भेट नसतानाही ती आठवण ठेवली आणि अनोळखी माणसांशीही ते बरे वागले. २०१८ मध्ये तर रागावलेल्या चेहऱ्याचे केवळ छायाचित्र पाहिलेला घोडा, काही तासांनी तीच व्यक्ती निर्विकार चेहऱ्याने समोर आली तरी, तिच्याकडे सावधपणे पाहतो, असे आढळले. चाबुकस्वारांच्या काळी हे अभ्यास नव्हते, पण दिवसभर घोड्याला दाणा, पाणी, खरारा करणारा मोतद्दार आणि त्यावर बसणारा स्वार यांत घोडा कोणाला ओळखतो, हे पागेत सर्वांना माहीत असे.

गोव्यातील अडचण येथेच आहे. येथे घोड्याचे काम पर्यटनाच्या हंगामाला बांधलेले असते. पावसाळ्यात ओल्या जमिनीने खूर कुजतात, गोमाश्या आणि त्यांच्यामार्फत येणारा सर्रा हा रक्तातील परजीवीचा रोग यांची धास्ती असते, आणि खर्च चालू असताना मिळकत थांबते. त्यामुळे जूनच्या आधी घोडा विकला जाणे किंवा मोतद्दार गावी निघून जाणे, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. सहा महिन्यांत जे जमते ते एका ट्रकच्या फेरीत संपते आणि ऑक्टोबरात नवा माणूस पुन्हा रिंगणापासून सुरुवात करतो. खरेदीच्या वेळी घोड्याचे दात पाहून वय ठरवतात, रंग पाहतात, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ यावर तास-तास घासाघीस होते. आजवर त्याला कोणी हाताळले, कसे हाताळले आणि तो कशाला बुजतो, हे मात्र विकणारा सांगत नाही, आणि घेणारा बहुधा विचारतही नाही.